पाणी उंबऱ्याला लागेपर्यंत

आमच्या घरातल्या माणसांना पुराची भीती वाटत नाही, आणि माझं डोकं फिरतं ते नेमकं यामुळंच. भीती वाटत नाही, कारण आमच्याकडं नियम आहे. पाणी उंबऱ्याला लागलं की घर सोडायचं, त्याआधी नाही. नदी दारात येते, सासूबाई उंबऱ्याशी बसून तिची ओटी भरतात, हळदकुंकू वाहतात, गंगव्वा, आलीस तशी जा, म्हणतात आणि मग आम्ही कुलूप लावून निघतो. ती यायच्या आत निघून जाणं म्हणजे पावण्याच्या तोंडावर दार लावणं. या नियमानं घरातलं एकही माणूस आजवर दगावलं नाही, हे मला लग्न झाल्यावर पहिल्याच पावसाळ्यात ऐकवण्यात आलं होतं.

नियम वाईट नव्हता, हे मीही म्हणते. आमचं गाव शिरोळ तालुक्यात, नृसिंहवाडीच्या अलीकडं, पंचगंगेच्या काठाला. गावातून बाहेर पडायला रस्ता एकच आणि त्या रस्त्यावर ओढ्याचा पूल. आमच्याकडं पूर समोरून गावात शिरत नाही. नदी भरली की ओढ्यात फुगवटा धरतो, पाणी मागच्या बाजूनं गुपचूप चढत येतं आणि बाकी गावात शिरायच्या आत पूल बुडवतं. आमचं जुनं घर गल्लीत सगळ्यात खाली होतं, त्या पुलापेक्षा वीतभर खालीच. त्यामुळं आमच्या उंबऱ्याला पाणी लागलं की समजायचं, आता पुलाची पाळी, निघा. सगळी गल्ली त्यावर चालायची. दूध घालायला जाणाऱ्या बायका दारातूनच विचारायच्या, "शांतव्वा, लागलं काय?" सासूबाई व्हय म्हणाल्या की गल्लीत बोचकी बांधली जायची. एकोणीसला तसंच झालं, एकवीसलाही तसंच. दोन्ही वेळा सगळे कोरड्या पायांनी पूल ओलांडून गेले.

एकवीसच्या पुरात घर बसलं. मातीच्या भिंती होत्या, पाणी उतरलं तेव्हा आढ्यासकट खाली आल्या. मग माझ्या नवऱ्यानं, वीरेशनं, नवं घर बांधलं आणि जोतं उचललं. असं उचललं की रस्त्यावरून दारात जायला सहा पायऱ्या चढाव्या लागतात. गृहप्रवेशाला आलेल्या प्रत्येकाला त्यानं आधी जोतं दाखवलं, मग घर. परीक्षेत पहिला आलेला पोरगा दाखवावा तसं. जुना उंबरा काळ्या दगडाचा होता, मधोमध पायांनी झिजून खोलगट झालेला. घराण्याचा उंबरा टाकायचा कसा, म्हणून त्यानं तोही उचलून नव्या दारात बसवला.

उंबरा सहा पायऱ्या वर गेला. पूल होता तिथंच राहिला. नियमही होता तिथंच राहिला. एवढी साधी गोष्ट या घरात कुणाच्या लक्षात आली नव्हती, आणि मी लक्षात आणून दिली तेव्हा कुणाला ती लक्षात घ्यायची नव्हती.

माझं नाव दानेश्वरी. माहेर जयसिंगपूरचं. तिथं पाणी म्हणजे नळाला येतं ते, असं सासरच्यांचं मत. त्यामुळं पुराबद्दल मी तोंड उघडलं की सगळे एकमेकांकडं बघून हसतात. मी गप्प बसत नाही हा भाग वेगळा.

गप्प बसायची सोयही नव्हती, कारण घरात अप्पा होते. अप्पा म्हणजे माझे सासरे, रुद्रय्या. नव्या घराचा पाया खणायच्या आधीच त्यांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू लुळी पडली, जीभ जड झाली. घर होईपर्यंत त्यांना दवाखान्याजवळच्या खोलीत ठेवलं; तिथून आणलं ते चौघांनी उचलून थेट नव्या घरातल्या खाटेवर. माणूस धिप्पाड, नुसतं कुशीवर वळवायचं तरी दोघं लागतात. लघवीला नळी लावलेली आहे. ती वेळच्या वेळी जयसिंगपूरला नेऊन बदलावी लागते. एकदा आमच्याकडून चालढकल झाली तर असा ताप चढला की डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर केला असता तर पेशंट हाताला लागला नसता. यंदा नळी बदलायची वेळ ऑगस्टात, ऐन पुराच्या तोंडावर आली होती. पूल बुडाला आणि अप्पा गावात अडकले तर काय होईल, हे कळायला डॉक्टर व्हावं लागत नाही. माझं मागणं एकच होतं, पूल कोरडा आहे तोवर अप्पांना बाहेर काढा.

पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. राधानगरीचे दरवाजे उघडल्याचे मेसेज आले. गावातला प्रत्येक पुरुष मोबाइलवर बंधाऱ्याची पाणीपातळी वाचून दुसऱ्याला सांगायचा आणि दुसरा तीच तिसऱ्याला. वाचून कुणी काही करत नव्हतं. क्रिकेटचा स्कोअर वाचल्यासारखं वाचायचे, एवढंच. पंचायतीची गाडी स्पीकर लावून फिरली, नदीकाठच्या लोकांनी सुरक्षित ठिकाणी जावं म्हणून सांगून गेली. गाडी गल्लीतून जाईपर्यंत लोक हातातला चहा खाली ठेवून उभे राहिले. गाडी गेल्यावर पुन्हा कप उचलले.

अशात वीरेश वाडीला जाऊन आला. नृसिंहवाडीला कृष्णेचं पाणी देवळात शिरतं, पादुकांवरून जाऊन दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं, त्या पाण्यात अंघोळ करायला माणसं लांबून पळत येतात. दक्षिणद्वार सोहळा म्हणतात त्याला. हा ओल्या कपड्यांनी, हातात पेढ्यांचा पुडा घेऊन घरी आला. तोंडावर एवढं समाधान की मला तो पुडा उंबऱ्याबाहेर फेकावासा वाटला. देवाबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण वाडीत पाणी दक्षिणेच्या दारानं बाहेर पडायला लागलं याचा अर्थ पुढं जागा नाही, आता ते मागं फुगणार आणि आमच्या ओढ्यात येणार. हे काठावर जन्मलेल्या माणसाला मी सांगायचं? मी सांगितलं. तो म्हणाला, पेढा खा.

घरात तयारी चालली नव्हती असं नाही. भरपूर चालली होती. गव्हाची पोती माळ्यावर गेली. कपाटाच्या खालचे कप्पे रिकामे झाले. रिकामं सिलिंडर तरंगतं म्हणून ते खांबाला बांधून ठेवलं. कागदपत्रं प्लास्टिकच्या बॅरलमध्ये गेली, तांदूळ, डाळ, मेणबत्त्या, काडेपेट्या सगळं वर ठेवलं. हे बहुतेक मीच केलं, आणि बरोबरच केलं. पण आमच्या घरात सामान उचललं की तयारी झाली असं मानतात. सामान वर आणि माणूस खाली खाटेवर, याला तयारी म्हणायची माझी तयारी नव्हती. अप्पांची औषधं, दोन चादरी, नळीचं सामान आणि रिपोर्ट असं सगळं मी एका पिशवीत भरून दाराशी ठेवलं. सासूबाई येता-जाता ती पिशवी आत नेऊन ठेवायच्या. मी परत दाराशी आणायची. असं दिवसभर चाललं होतं आणि आम्ही दोघी त्याबद्दल एकमेकींशी एक शब्द बोललो नाही.

त्यात गल्लीनंही आमच्या घरात सामान आणून टाकायला सुरुवात केली. उंच घर, पाणी येणार नाही, मग ठेवा इथंच. समोरची बनाबाई आणि तिचा नवरा पिराजी, दोघांनी मिळून आपली गाद्या-गिरद्यांची वळकटी आमच्या ओट्यावर आणली. पिराजी बोलका माणूस. वीरेशच्या जोत्याचं त्यानं एवढं कौतुक केलं की वीरेशची छाती फुगली. मी चहा दिला आणि विचारलं, पिराजीदादा, तुम्ही कधी निघणार? तो म्हणाला, तुमच्या उंबऱ्याला पाणी लागू दे की, मग बघू.

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. म्हणजे आम्हीच नाही, सगळी गल्ली अजून आमच्याच उंबऱ्याकडं बघत बसली होती. मी कप तिथंच ठेवला, पायऱ्या उतरून रस्त्यावर जाऊन उभी राहिले आणि वीरेशला म्हटलं, इकडं बघ. आपला उंबरा जिथं आहे ती उंची मी हातानं माझ्या अंगावर दाखवली. हात कमरेच्याही वर आला. म्हटलं, वर तुझ्या उंबऱ्याला पाणी लागेल तेव्हा खाली रस्त्यावर ते इथवर असेल. आणि पूल तर याच पातळीला आहे. त्या पाण्यातून, त्या ओढीतून अप्पांना कोण उचलून नेणार? तू?

चार माणसांत बोलले, हे वीरेशला लागलं. तो वरूनच म्हणाला, "घरात पाणी येणार न्हाय म्हंजे न्हाय. मग जायाचं कशाला?"

"घरात यायला कशाला पायजे?" मी म्हटलं. "पूल गेला की झालं की."

तो हसला. लोकही हसले. बनाबाई तेवढी हसली नाही. सासूबाईंनी वरून हाक मारून मला आत यायला सांगितलं, कारण बाईमाणसानं रस्त्यात उभं राहून ओरडू नये. मी आत गेले. भाकरी थापताना परातीचा एवढा आवाज केला की शेजारच्यांना वाटलं असेल, भांडीच फुटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दीर मल्लेशला घेऊन पुलावर गेले. मल्लेश ट्रॅक्टर चालवतो, कष्टाला मागं नाही, पण थोरल्या भावापुढं त्याच्या तोंडाला कुलूप असतं. पुलाखाली ओढा नव्हताच, नुसता लाल, गढूळ फुगवटा, आणि त्यावर उसाचं पाचट आणि एक चप्पल गोल गोल फिरत होती. पाणी पुलाला टेकायला वीतभर राहिलं होतं. वाहत नव्हतं, नुसतं चढत होतं. मल्लेशनं कठड्यावरून वाकून पाहिलं. मी विचारलं, अजून तुझ्या दादाचा उंबरा किती लांब आहे? तो म्हणाला, "वैनी, ट्रॅक्टरला ट्रॉली जोडून ठेवतो." आणि लगेच म्हणाला, "पर दादाला तुमीच सांगा."

घरी आले तर सासूबाई उंबऱ्यापाशी बसून ओटीचं ताट लावत होत्या. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी, सगळं नीट मांडलेलं. मी त्यांना सांगितलं की पूल चालला. अव्वा, आता उठा. त्या माझ्याकडं न बघता खणाची घडी सरळ करत म्हणाल्या, "दाने, अजून गंगव्वा दारात आली न्हाय."

"अव्वा, तुमचं दारच तिच्यापासनं पळालंय," मी म्हटलं. "तिनं यायचं कुठं?"

वीरेश मागं उभा होता. त्याला मी पुलाचं सांगितलं, मल्लेशला विचार म्हणाले. मल्लेश जमिनीकडं बघत राहिला. वीरेश म्हणाला की दरवर्षी पूल असाच दिसतो आणि मला दरवर्षी असंच व्हायला होतं. आणि अप्पांना या पावसात ट्रॉलीत घालून नेलं आणि वाटेत काही झालं तर गाव काय म्हणेल, याचा मी विचार केलाय का? गाव काय म्हणेल. हे ऐकल्यावर माझ्या हातापायांत काय शिरलं मला माहीत नाही. जिन्याखाली पहार होती. ती उचलून आणली, सासूबाईंचं ताट बाजूला सारलं आणि उंबऱ्याच्या कडेला सिमेंटमध्ये पहार घातली.

पहिल्या घावाला नुसता आवाज झाला. दुसऱ्याला सिमेंटचा टवका उडाला. सासूबाईंनी हंबरडा फोडला, भरल्या घराचा उंबरा फोडतीय म्हणून. वीरेश धावत आला आणि त्यानं पहार धरली. मी सोडली नाही. आम्ही नवरा-बायको दारात पहार ओढत उभे होतो आणि गल्ली रस्त्यात गोळा झाली होती. मला आजही त्याची लाज वाटत नाही.

तेवढ्यात आतून वाटीचा आवाज आला. अप्पांना काही हवं असलं की ते डाव्या हातानं स्टीलची वाटी खाटेच्या लोखंडावर आपटतात. एरवी दोनदा आपटतात. त्या दिवशी थांबतच नव्हते. आम्ही सगळे आत पळालो. अप्पांनी विचारलं ते मला नीट कळलं नाही, सासूबाईंना कळलं. काय फुटतंय, असं ते विचारत होते. सासूबाई रडत म्हणाल्या, दाने उंबरा काढतीय. अप्पांनी डोळे बारीक केले. जीभ गोळा करून त्यांनी एकच शब्द विचारला, "लागलं?"

"न्हाय की अजून," सासूबाई म्हणाल्या. "लई लांब हाय."

मी पहार हातातच धरून त्या खाटेपाशी बसले. आजवर या माणसाला कुणी काही विचारलंच नव्हतं. रोज सकाळी सासूबाई त्यांना सांगायच्या, उंबऱ्याला लागलं नाही, आणि ते निवांत डोळे मिटायचे. ते नव्या घरात चालत आलेच नव्हते; आत-बाहेर व्हायचं ते उताणं, चौघांच्या हातांवर, तोंड आभाळाकडं. त्यांच्या डोक्यातला उंबरा अजून जुन्या जागी, खाली, रस्त्याला लागून होता. मी त्यांना हळू, स्पष्ट आवाजात सांगितलं की अप्पा, उंबरा वर नेलाय. सहा पायऱ्या वर. पुलाला पाणी टेकायला आलंय आणि उंबरा अजून कोरडा आहे.

त्यांना समजायला वेळ लागला. मग त्यांचा चेहरा तांबडा झाला. अंगावरून वारं गेल्यापासून त्यांच्या चेहऱ्यावर राग मी पहिल्यांदाच पाहिला, अर्ध्याच चेहऱ्यावर, कारण दुसरी बाजू हलत नव्हती. त्यांनी वीरेशकडं पाहिलं. बोलायला त्यांना फार कष्ट पडले, एकेक शब्द ओढून काढावा लागत होता.

"त्यो... पुलासाठी... हुता," ते म्हणाले. "खाली. माझ्या बानं... बसवला हुता. पुलाच्या... मापानं." श्वास घेतला. "शोभेला... न्हाय. काढ."

वीरेश म्हणाला, अप्पांना काय बोलतो ते कळत नाही, हीच काहीबाही पढवतीय. अप्पांनी वाटी उचलून त्याच्या दिशेनं फेकली. डावा हात, नेम चुकला, वाटी भिंतीला लागून गरगरत खाटेखाली गेली. पण वीरेश मागं सरला. मल्लेशनं माझ्या हातातली पहार घेतली आणि पाच-सहा घावांत उंबरा उखडून काढला.

पुढचं सगळं भराभर झालं. मल्लेशनं ट्रॉली पायऱ्यांना लावली तोवर रस्त्यावर घोट्याएवढं पाणी आलं होतं; त्यानं ट्रॉलीत गादी घातली, वरून ताडपत्री ओढली. वीरेश, मल्लेश आणि गल्लीतली दोन माणसं, चौघांनी अप्पांना गादीसकट उचललं. मी नळीची पिशवी धरून त्यांच्याबरोबर एकेक पायरी उतरले. उंबरा मल्लेशनं आणि वीरेशनं ट्रॉलीच्या कोपऱ्यात टाकला. वीरेशनं तोंडातून एक अक्षर न काढता तो उचलला, एवढं मी त्याच्या बाजूनं सांगते.

निघताना मी समोर गेले आणि बनाबाईला म्हटलं, चला, ट्रॉलीत जागा आहे. तिनं नवऱ्याकडं पाहिलं. पिराजी आमच्या ओट्यावर आपल्या वळकटीला टेकून बसला होता. म्हणाला, "म्हशी सोडून कुठं जाऊ? तुमचं घर उंच हाय. हितंच बसतो निवांत." वीरेशनं त्याला किल्ली दिली. दिली म्हणजे कशी, तर सगळ्यांना दिसेल अशी, हात लांब करून दिली. गॅस भरलेला आहे, तांदूळ माळ्यावर आहे, काही कमी पडणार नाही, असं सांगितलं. मी पिराजीला पुन्हा म्हटलं, दादा, म्हशी मल्लेश परत येऊन नेईल, तुम्ही चला. तो हसला. ट्रॅक्टर सुरू झाला होता, अप्पांच्या तोंडावर पाऊस येत होता. माझं डोकं तापलेलं होतंच. "बसा मग उंचावर," म्हटलं आणि ट्रॉलीत चढले.

पुलावर पोचलो तेव्हा पाणी कडेला लागलं होतं. अप्पांनी डाव्या हातानं ट्रॉलीची फळी वाजवली. मल्लेशनं ट्रॅक्टर थांबवला. दोघा भावांनी उंबरा उतरवून पुलाच्या अलीकडं रस्त्याच्या कडेला ठेवला, जिथवर पाणी आलं होतं तिथं. पाणी लगेच त्याच्या झिजलेल्या खळग्यात शिरलं. सासूबाई कुणी सांगायची वाट न बघता खाली उतरल्या. पावसात बसून त्यांनी ओटी भरली. आलीस तशी जा, हे त्यांनी म्हटलं की नाही, मला ऐकू आलं नाही. त्या पाण्याकडं बघत होत्या, मग मागं गावाकडं, मग परत पाण्याकडं. ट्रॉलीत चढताना त्यांनी माझा हात धरला आणि पूल ओलांडेपर्यंत सोडला नाही. चाकांखाली पाण्याचा सळसळ आवाज येत होता. आमच्या मागून गल्लीतली काही घरं निघाली. मल्लेश म्हशी न्यायला परत निघाला तेव्हा पुलावर गुडघाभर पाणी होतं, आणि लोकांनी त्याला जाऊ दिलं नाही.

जयसिंगपूरला माझ्या माहेरी आम्ही राहिलो. अप्पांची नळी बदलली. ताप आला नाही. डॉक्टर म्हणाले, बरं झालं वेळेत आणलं. मी वीरेशकडं पाहिलं. तो मोबाइल बघत होता.

तो रोज पिराजीला फोन लावायचा आणि मुद्दाम सगळ्यांना ऐकू जाईल असा बोलायचा. दोन पायऱ्या बुडाल्या. तिसरी बुडाली. चौथी. घर कोरडं? कोरडं. एक नंबर. फोन ठेवला की माझ्याकडं न बघता म्हणायचा, म्हशीसुद्धा ओट्यावर आणून बांधल्यात, आणि आपण इथं दुसऱ्याच्या घरी चटईवर. मी दातओठ खाऊन गप्प बसायची. माझ्या आईसमोर भांडायचं नव्हतं.

मग एकदा फोन आला तो बनाबाईचा. पिराजीच्या छातीत सकाळपासून दुखत होतं, घाम फुटला होता, डावा हात जड झाला होता. मी वीरेशच्या हातातून फोन ओढून घेतला. कुठं कुठं फोन लावले ते मला आता आठवत नाही. जो उचलेल त्याला सांगितलं. बचावपथकाची बोट निघाली होती, पण ओढ्यातून तिला गल्लीकडं यायला ओढ फार होती, मळ्यांवरून वळसा घालून यावं लागलं. बोट आमच्या पायरीला लागली तेव्हा दुपार कलली होती. पिराजी आमच्या घरात, अप्पांच्या खाटेवर पडला होता आणि त्याचा जीव गेलेला होता. तालुक्याचा दवाखाना तिथून ट्रॅक्टरनं जाण्याएवढा जवळ आहे, पूल असला तर.

पाणी उतरल्यावर आम्ही गावात आलो. अप्पांना आणलं नव्हतं. गल्लीत चिखल, उग्र वास, भिंतींवर ओलीची रेघ. वीरेश सगळ्यांच्या पुढं होता. दारात जाऊन तो थांबला, वाकून पाहिलं आणि मोठ्यानं म्हणाला, "बघ. पाचव्या पायरीवर थांबलंय. आत थेंब न्हाय."

त्यानं हे खरंच म्हटलं. बनाबाई तिथंच पायरीवर बसली होती, कपाळ पांढरं, आणि हा तिच्या डोक्यावरून मला पायरी दाखवत होता. मला वाटलं, ह्या माणसाच्या थोबाडात द्यावी. आयुष्यात पहिल्यांदाच असं वाटलं आणि ते खोटं नव्हतं. घर कोरडं राहिलं म्हणून हा आता जन्मभर जिंकलेला राहणार, गावात दहा जण याचं बघून जोतं उचलणार, आणि पूल तिथंच राहणार. मी तोंड उघडलं. जे काही साठलं होतं ते सगळं, गल्लीला ऐकू जाईल असं त्याला ऐकवणार होते.

बनाबाईनं माझ्या पदराला हात लावला. वीरेशकडं तिनं बघितलंसुद्धा नाही.

"सासऱ्यासाठी उंबरा फोडलास," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "माझ्या माणसाला दोनदा इचारलंस, आन् गेलीस."

मी तिला काय सांगणार होते? ट्रॅक्टर सुरू होता, पाऊस होता, तो हसला म्हणून मला राग आला होता? मी तिच्या शेजारी पायरीवर बसले. ती सरकली नाही आणि माझ्याकडं वळलीही नाही. आत वीरेश एकेक खिडकी उघडत होता आणि मल्लेशला दाखवत होता की भिंतींना साधी ओलसुद्धा आलेली नाही.